पांढऱ्या गाडीचा फोन

हिराइवा शिगेकीच्या नोकरीचं शेवटचं वर्ष असं गेलं, की त्याच्याकडे विकायला गाडीच नव्हती.

शोरूम जागेवर होती. काचा रोज पुसल्या जात होत्या, कॉफीचं मशीन चालू होतं, मधोमध एक नवी हायब्रिड गाडी दिव्यांखाली उभी होती. पण ती दाखवायची, विकायची नाही. मागच्या आवारात एरवी नव्या गाड्या प्लास्टिक पांघरून रांगेनं उभ्या असायच्या, तिथं आता कावळे फिरत. कारखान्याला सुटे भाग मिळत नव्हते म्हणून गाड्या बनत नव्हत्या. लोक मात्र येत होते, करारावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उठवत होते आणि घरी जाऊन वाट बघत होते. आठ महिने, दहा महिने, वर्ष.

मग हिराइवाचं काम उरलं ते माफी मागायचं. दर महिन्याच्या वीस तारखेला तो यादी घेऊन बसायचा आणि एकेकाला फोन लावायचा. अजून तारीख नक्की नाही, फार वाट बघायला लावतोय, मनापासून माफी मागतो. फोनवरच्या माणसाला दिसत नसलं तरी तो प्रत्येक वेळी कंबरेतून वाकायचा. पहिले दोन महिने त्याला खरंच वाईट वाटलं. पुढं त्या शब्दांना काही चवच उरली नाही. समोरून कुणी चिडलं तरी काही वाटेना, कुणी समजून घेतलं तरी काही वाटेना.

तोनामीच्या सपाटीवर घरं एकमेकांपासून लांब लांब. प्रत्येक घर आपापल्या उंच झाडांच्या घोळक्यात, आणि मध्ये नुसती भाताची खाचरं. इथं दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते. त्यामुळे गाड्या विकणाऱ्या माणसाला अर्ध्या गावाची कुंडली तोंडपाठ असते: कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाकडे आता दोनच माणसं उरली. हिराइवानं छत्तीस वर्षं हेच केलं. दिसायला अगदी बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. त्याच्याबरोबर लागलेले गोड बोलणारे कधीच मॅनेजर होऊन पुढं गेले, हा होता तिथंच राहिला.

त्याला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे विचारणं. इथल्या माणसाला काही देऊ केलं तर तो पहिल्यांदा नको म्हणतो. त्या नकोला काही अर्थ नसतो, ती नुसती रीत. दुसऱ्यांदा नको म्हणतो तेव्हा तो मनात विचार करत असतो. तिसऱ्यांदा विचारलं, की मग काय ते खरं तोंडातून बाहेर येतं. चहा असो, छत्री असो, नाहीतर गाडी. ज्याला हे कळत नाही त्यानं तोनामीत दुकान मांडू नये. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात हिराइवानं ट्यूलिपच्या कंदांची शेती करणाऱ्या त्सुबोई एइसाकूच्या घरचा उंबरठा झिजवला होता. त्सुबोई तेव्हा चाळिशीचा, हा चोविशीचा पोरगेला. शेवटी त्सुबोईनं गाडी घेतली आणि वर म्हणाला, "तू तीनदा विचारतोस आणि गप्प बसतोस. बाकीचे चौथ्यांदा विचारतात. म्हणून तुझ्याकडून घेतली."

हिराइवानं विकलेली ती पहिली गाडी. त्यानंतर त्सुबोईनं आणखी चार घेतल्या, सगळ्या त्याच्याचकडून. दर हिवाळ्यात त्सुबोईच्या घरून काकी नावाची नारिंगी फळं यायची, सोलून दोरीला टांगून वाळवलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. हिराइवाची बायको ती पातळ कापून चहाबरोबर ठेवायची.

बायको चार वर्षांपूर्वी मुलीकडे सायतामाला गेली. नातू झाला होता, मुलीला मदत हवी होती. सहा महिन्यांनी हिराइवानं फोनवर विचारलं, "कधी येतेस?" ती म्हणाली, "बघू." त्यानं परत विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही. भांडण नव्हतं, कागदपत्रं नव्हती, नुसतं तसं झालं. तेव्हापासून तो एका वाडग्यात भात खायचा, तोच धुवायचा आणि उपडा ठेवायचा. याला दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. हातमोजे न घालता दारातला बर्फ काढला की थोड्या वेळानं बोटं आपली वाटेनाशी होतात, आत तसं काहीतरी झालं होतं.

त्सुबोई आणि त्याची बायको फुसाए शोरूममध्ये आली ती फेब्रुवारीत. त्सुबोई आता पंचाहत्तरीला आला होता. बारीक झाला होता, डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि ती त्यानं आत आल्यावरही काढली नाही. हिराइवाला वाटलं, वय झालं.

"जुनी चावी फिरवायचा कंटाळा आलाय," त्सुबोई म्हणाला. "या नव्या गाडीला म्हणे चावीच लागत नाही?"

"चावी असते. पण खिशातून काढायची नाही. खिशात असू द्या, पिशवीत असू द्या. हँडलला हात लावला की दार उघडतं."

"हात लावला की?"

"नुसता लावला की."

त्सुबोईनं चावी कोटाच्या खिशात टाकली, दोन पावलं मागं गेला, पुढं आला आणि तळहात हँडलमागं सरकवला. खट्ट करून दार सुटलं. त्यानं ते लावलं आणि पुन्हा दोन पावलं मागं गेला. असं पाच वेळा केलं.

"पुरे आता," फुसाए म्हणाली. "त्यांचं हँडल झिजेल."

"झिजू दे. विकायची थोडीच आहे ही." मग हिराइवाकडे वळून म्हणाला, "आणि सुरू करायला?"

"ब्रेकवर पाय ठेवायचा आणि हे बटण दाबायचं."

त्सुबोईनं आत बसून बटण दाबलं. बोटानं नाही, मूठ वळून मुठीनं. गाडी सुरू झाली, पण काहीच आवाज आला नाही, नुसते समोरचे आकडे उजळले. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला. म्हातारी माणसं नव्या वस्तूचं कौतुक अशीच करतात, असं हिराइवाला वाटलं. मग टेबलावर करार आला. त्सुबोईनं शिक्का डबीतून काढला, तो हातातून निसटून खाली पडला. उचलून दिला, तर पुन्हा पडला. "शिक्कासुद्धा म्हातारा झाला," असं म्हणून त्यानं तो बायकोकडे दिला आणि तिनं उठवला. रंग राखाडी ठरला.

"वेळ लागेल हो," हिराइवा मान खाली घालून म्हणाला. "आठ महिने तरी. कदाचित वर्षही."

"घाई नाही," त्सुबोई म्हणाला.

फुसाए तेव्हा काचेतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, आवार रिकामं होतं.

त्यानंतर दर महिन्याच्या वीस तारखेला त्सुबोईला फोन जायचा, आणि दर वेळी तो "घाई नाही, घाई नाही" म्हणायचा. यादीतल्या सगळ्यांत सोपा फोन तोच. हिराइवा तो मुद्दाम शेवटी ठेवायचा, म्हणजे दिवस शांतपणे संपायचा.

नोव्हेंबरात एक गाडी आली. ज्याची होती त्याची ओसाकाला बदली झाली, त्यानं करार मोडला. गाडी अगदी तीच, त्सुबोईनं मागितलेली, फक्त रंग पांढरा. यादीप्रमाणे त्यावर पहिला हक्क त्सुबोईचा. मॅनेजर होकारी एक्केचाळीस वर्षांचा, बोलताना घड्याळ बघायची सवय असलेला. त्यानं टेबलावर टकटक केलं. "हिराइवासान, संध्याकाळपर्यंत नाव सांगा. आवारात उभी दिसली तर दहा जण भांडत येतील."

हिराइवानं फोन लावला. त्सुबोईनंच उचलला.

"एक गाडी मोकळी झालीये. तुमचीच, पण पांढरी. दहा दिवसांत दारात आणून देतो."

पलीकडे त्सुबोई हसला. "पांढरी? जानेवारीत फावडं घेऊन शोधावी लागेल बर्फात. नको नको, माझ्यापेक्षा कुणालातरी जास्त गरज असेल. त्याला द्या."

इथं हिराइवानं म्हणायचं होतं, "असं कसं, पहिलं नाव तुमचं आहे." त्सुबोई पुन्हा नको म्हणाला असता. मग दुसऱ्या दिवशी फोन करून, नाहीतर सरळ घरी जाऊन, ओट्यावर बसून तिसऱ्यांदा विचारायचं होतं. छत्तीस वर्षं हेच तर करत आला होता. त्या दिवशी तो म्हणाला, "असं होय. बरं." आणि फोन ठेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घाई होती म्हणावं तर होकारीकडे संध्याकाळऐवजी दोन दिवस मागता आले असते. खरं म्हणजे त्याला काहीच वाटलं नाही. माणूस नको म्हणाला, यानं यादीत 'नको' लिहिलं. पुढचं नाव एका दाताच्या डॉक्टरचं होतं, दर आठवड्याला फोन करून डोकं खाणारा. त्यानं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. गाडी दहा दिवसांत गेली, दारावर शोरूममधले सगळे रांगेनं उभे राहिले आणि ती वळणाआड होईपर्यंत वाकून राहिले. हिराइवाही वाकला होता.

गाड्या विकणारा माणूस सकाळी वर्तमानपत्रात सगळ्यांत आधी निधनाचं पान बघतो. गिऱ्हाईक गेलं तर अंत्यविधीला जायचं असतं, त्यासाठी काळा टाय टेबलाच्या खणात कायम घडी करून ठेवलेला असतो. जानेवारीच्या वीस तारखेला हिराइवानं यादी समोर ठेवली, चहा ओतला, पान उघडलं. त्सुबोई एइसाकू, वय शहात्तर. त्यानं चहा पिऊन संपवला. मग पेन घेऊन त्या महिन्याच्या फोनच्या यादीतलं शेवटचं नाव खोडलं, आणि खोडल्यावर बराच वेळ पेन तसंच धरून बसला.

अंत्यविधीला तो मागं बसला. शेजारच्या घरचा म्हातारा कुणालातरी सांगत होता, "सव्वा वर्ष भोगलं हो त्यानं. गेल्याच्या आधीच्या शरदात कळलं. औषधं घेत होता, पण कुणाला म्हणून सांगितलं नाही."

सव्वा वर्ष. म्हणजे फेब्रुवारीत शोरूममध्ये आला तेव्हा त्याला माहीत होतं. दर वीस तारखेला 'घाई नाही' म्हणत होता तेव्हाही माहीत होतं. आणि नोव्हेंबरात पांढरी नको म्हणाला तेव्हाही. हिराइवाच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच प्रश्न येऊन बसला: त्याला ती गाडी हवी होती का? भात खाताना तो प्रश्न असायचा, दात घासताना असायचा. टोचत नव्हता, रडवत नव्हता, नुसता बसून होता. फक्त तो काही केल्या उठेना.

राखाडी गाडी मार्चमध्ये आली. हिराइवाची निवृत्ती त्याच महिन्याच्या शेवटी होती.

"त्सुबोईंची?" होकारी घड्याळ बघत म्हणाला. "आता त्या बाई घेणार थोड्याच. तुम्ही एक फोन करून करार रद्द करून घ्या, मी पुढचं नाव काढतो. पुढचा आजच येईल धावत."

हिराइवानं फोन केला. पलीकडे फुसाए होती. त्यानं आधी सांत्वनाचे शब्द बोलून घेतले, मग गाडी आल्याचं सांगितलं, मग म्हणाला, "आता तुम्हाला नको असली तर काही हरकत नाही, आम्ही बघून घेऊ."

"घेते की," फुसाए म्हणाली. "गॅरेज रिकामंच आहे."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, "खरंच? ओझं होत असेल तर…"

"गाडी नावावर करायच्या आधी पोलिस गॅरेजची जागा मोजायला येईल ना परत? त्यांच्या नावानं मोजून गेला होता. आता माझ्या नावानं मोजावी लागेल."

"लागेल. कागद मी करतो."

"मग या." ती म्हणाली. तिसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही.

शुभ दिवस कोणता, असं त्यानं विचारून पाहिलं. गिऱ्हाईक ते बघतंच. पण त्सुबोईंच्या घरी पंथच असा, की दिवसवार मानत नाहीत. "कुठलाही आणा," ती म्हणाली. शोरूममध्ये फीत, फुलं, फोटो, सगळ्यांचं वाकणं, तेही नको म्हणाली. म्हणून हिराइवा स्वतःच गाडी घेऊन निघाला. तासाभरानं वर्कशॉपची व्हॅन त्याला न्यायला येणार होती.

बर्फ बहुतेक वितळला होता, झाडांच्या सावलीत तेवढे काळपट ढीग उरले होते. फुसाए अंगणात उभी होती, शेतातल्या छोट्या ट्रकशेजारी. ती एकाहत्तरची, पण भाजी, खत, कंदांची खोकी सगळं ती त्या ट्रकमधूनच नेत आली होती. गॅरेज झाडून स्वच्छ केलेलं होतं. भिंतीवर खिळ्याला एक जुनी चावी लोंबत होती, जुन्या गाडीची, जी डिसेंबरातच भंगारात गेली होती.

त्यानं गाडी आत घेतली आणि दोन चाव्या तिच्या हातात दिल्या. काळ्या, गुळगुळीत, साबणाच्या वडीच्या निम्म्या आकाराच्या.

"एक पिशवीत टाका. आता हँडलमागं हात घाला."

तिनं हात घातला. खट्ट.

"चावी कुठं आहे?"

"तुमच्या पिशवीत."

"हो, मीच टाकली," ती म्हणाली. आणि आत बसली. त्यानं ब्रेक दाखवला, बटण दाखवलं. तिनं बोटानं दाबलं.

"सुरू झाली?"

"झाली."

"काहीच ऐकू येत नाही की."

"येत नाही. सुरुवातीला सगळेच तसं म्हणतात." त्यानं चावीच्या पोटातून लहानशी धातूची पट्टी ओढून काढून दाखवली. "कधी सेल संपला, तर घाबरायचं नाही. याच्यात खरी चावी असते. दार या चावीनं उघडायचं, आणि काळी वडी बटणाला टेकवून बटण दाबायचं."

तिनं मान हलवली, गाडी बंद केली आणि त्याला घरात चहाला बोलावलं. तो नको म्हणाला, ती पुन्हा म्हणाली, तो पुन्हा नको म्हणाला, आणि तिसऱ्यांदा जोडे काढून आत गेला.

देवघराची खोली गॅरेजला लागूनच होती. देवघर कपाटाएवढं, आत सोन्याचा मुलामा, दारं उघडी. इथं घरातली गेलेली माणसं देवघरातच असतात असं धरतात, आणि नवं काही घरात आलं की आधी त्यांच्यापुढं ठेवतात. नवा तांदूळ, नातवंडांचं प्रगतिपुस्तक, पहिला पगार. फुसाएनं दुसरी चावी एका तबकात ठेवली आणि ते तबक देवघरापुढं सरकवलं. मग घंटी वाजवली आणि हात जोडले. हिराइवानंही जोडले. मग त्याच्यातला विक्रेता जागा झाला, कारण छत्तीस वर्षांत तो कधी पुरता झोपलाच नव्हता.

"ओकुसान," तो म्हणाला. दुसऱ्याच्या घरधनिणीला असंच म्हणतात. "ही चावी इथं नका ठेवू. भिंतीपलीकडे गाडी आहे. चावी इतकी जवळ असली की दोघी एकमेकींशी सारख्या बोलत राहतात. गाडीला वाटतं, मालक शेजारीच उभा आहे. सेल लवकर संपतो. स्वयंपाकघरात ठेवलीत तर बरं."

फुसाएनं तबकाकडे बघितलं. "वाटू दे," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा काही सांगितलं नाही. चहा आला, शेजारी बशीत काकीची पातळ कापं होती. ती गेल्या नोव्हेंबरातली असणार, दरवर्षी नोव्हेंबरातच टांगतात. या वर्षी त्याच्या घरी पुडकं आलं नव्हतं. तो ती कापं बघत बसला आणि मग प्रश्न आपोआपच तोंडातून बाहेर आला.

"नोव्हेंबरात मी फोन केला होता. पांढऱ्या गाडीचा. त्सुबोईसानना ती हवी होती का?"

"छे हो," फुसाए हसून म्हणाली. "पांढरा त्यांना कधी आवडला नाही. घ्या ना, काकी घ्या."

त्यानं एक काप घेतलं, खाल्लं. "खरंच नको होती?"

"तेव्हा राहिलं तरी किती होतं. दवाखान्यात येणंजाणं चाललेलं. घेऊन कुठं चालवणार होते?" तिनं त्याच्या कपात चहा ओतला, कप भरलेलाच होता तरी.

हिराइवानं कप बाजूला ठेवला, हात गुडघ्यांवर ठेवले. छत्तीस वर्षांत तो दुसऱ्याच्या घरी इतका सरळ कधी बसला नव्हता.

"ओकुसान. त्यांना ती हवी होती का?"

फुसाएनं किटली खाली ठेवली.

"बोटं गेली होती त्यांची," ती म्हणाली. "औषधांनी. तापलं गार कळेना, शर्टाचं बटण लागेना, चावी तर धरताच येईना. सुरू करायला मीच फिरवून द्यायचे. ते त्यांना आवडायचं नाही. एकदा बर्फात चावी पडली, दोघं गुडघ्यावर बसून शोधत होतो. म्हणून तुमच्याकडे आले. म्हणाले, स्टिअरिंग धरायला तळहात पुरतो, चावी फिरवायला बोटं लागतात. हिला बोटं लागत नाहीत. डॉक्टरांनाही विचारलं होतं. जवळपास चालवा म्हणाले."

तिनं काकीची बशी त्याच्याकडे सरकवली.

"तुमचा फोन आला, तेव्हा ठेवून झाल्यावर म्हणाले, उद्या परत येईल फोन. हिराइवा तीनदा विचारल्याशिवाय सोडत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेज झाडलं. मला म्हणाले, पांढरी तर पांढरी, बर्फात तूच शोध. दोन दिवस कंद निवडायला आले नाहीत, फोनपाशीच बसून काकी सोलत होते. बोटांना कळत नव्हतं, निम्मी साल फळालाच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गेली वाटतं कुणाकडे. बरं झालं."

"त्यांनी मला फोन का नाही केला?" हिराइवानं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"आपणहून कसा करणार? नको म्हणून बसले होते ना."

हिराइवा पुढं वाकला, कपाळ चटईला लागेपर्यंत. माफी मागायची होती. पण ते शब्द त्यानं वर्षभर दर वीस तारखेला इतके वापरले होते, की आता खऱ्या कामाच्या वेळी त्यांच्यात काही उरलं नव्हतं. रडू यावं असं त्याला वाटलं, आलं नाही. चटईचा वास आला, तेवढाच. तो बराच वेळ तसाच राहिला. फुसाएनंही त्याला उठा म्हटलं नाही.

बशीतली काकीची कापं त्यानं एक एक करून सगळी खाल्ली. एकाला साल चिकटलेली होती, तीही गिळली.

बाहेर व्हॅन येऊन थांबल्याचा आवाज झाला. तो ओट्यावर बसून जोडे घालू लागला, फुसाए मागं गुडघे टेकून बसली.

"त्या चावीतला सेल आठ-नऊ महिन्यांत संपेल," तो जोड्यांकडे बघत म्हणाला. "मी येतो बदलायला."

"नको नको. तुम्ही तर या महिन्यात सुटलात ना कामावरून. दुकानातल्या कुणाकडून करून घेईन."

"मला जमतं. पाच मिनिटांचं काम आहे. मी येतो."

"उगाच कशाला तुम्हाला त्रास. इतक्या लांबून."

दुसरा जोडाही घालून झाला होता. व्हॅनचं इंजिन चालू होतं, ती जुनी होती, तिचा आवाज चांगला खणखणीत येत होता. हिराइवा उभा राहिला, वळला आणि तिच्याकडे बघून तिसऱ्यांदा म्हणाला, "मी येतो."

फुसाएनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"मग नोव्हेंबरात या," ती म्हणाली. "काकी सोलायला एक माणूस कमीच पडेल यंदा."